फ्रीझ झालेले खाते : सुरत ते ओटावा



गेल्या गणपतीच्या आधी आठ दिवसांची गोष्ट. डिंडोलीत राहणारा, मूळ नंदुरबारकडचा एक ओळखीचा तरुण सकाळीच दारात उभा राहिला. साड्यांना लेस-बॉर्डर लावण्याचे जॉबवर्क करतो. घरातच चार मशिनी, दोन कारागीर. एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात मोबाइल. खुर्ची पुढे केली तरी तो जमिनीवरच बसला. "काका, मना काय गुन्हा शे?" एवढेच म्हणाला.

त्याचे खाते फ्रीझ झाले होते. खात्यात १ लाख ८६ हजार रुपये होते. त्यात कारागिरांचा पगार, मुलीची कॉलेजची फी आणि मशिनीचा हप्ता. शाखेत चौकशी केली तर उत्तर मिळाले, "वरून आले आहे, आमच्या हातात काही नाही." तीन खेपा झाल्यावर कळले की दक्षिणेतल्या एका राज्यातल्या पोलिसांकडे कुणीतरी फसवणुकीची तक्रार केली होती. त्या फसवणुकीचे पैसे चार-पाच खाती फिरले होते. त्यातले ४,२०० रुपये एका गिऱ्हाइकाने याला लेसच्या बिलापोटी यूपीआयने दिले होते. बिल होते, माल गेला होता. तरी ४,२०० रुपयांसाठी १ लाख ८६ हजार अडकले. बँक कोणती, पोलीस ठाणे कोणते, ते लिहीत नाही. हे कोणत्याही बँकेत होऊ शकते, आणि त्या शाखेतल्या खुर्चीवर मीही बसलो आहे.

रिंग रोडच्या कापड मार्केटात किंवा महिधरपुऱ्याच्या हिरे बाजारात चार जणांना विचारा, असा किस्सा ऐकायला मिळतो. सुरतचा माल देशभर जातो, त्यामुळे देशभरातून पैसे येतात. समोरच्याने ते कुठून आणले हे व्यापाऱ्याला कळायला मार्ग नसतो. मग हैदराबादहून, केरळहून, कुठूनही ईमेल येतो आणि इथले खाते बंद पडते. मोठ्या व्यापाऱ्याची चार खाती असतात, वकील असतो. लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम भागातल्या आपल्या खान्देशी माणसाचे खाते एकच असते.

आधी पोलिसांची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. फसवणूक झाली की पैसे काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात पळतात. म्हणून १९३० हा क्रमांक आहे. फोन लागताच पुढच्या बँकेला सूचना जाते आणि पैसे थांबवता येतात. न्यायालयाचा आदेश आणेपर्यंत थांबले तर हाती काही लागणार नाही. पहिला ब्रेक पोलिसांनी लावावा, याला माझा विरोध नाही. प्रश्न पुढचा आहे. ब्रेक किती रकमेला लावायचा, किती दिवस ठेवायचा, आणि तो सोडवण्यासाठी माणसाने कोणाच्या दारात उभे राहायचे?

आमच्या नोकरीच्या काळात कोर्टाची गार्निशी ऑर्डर यायची. बँकेतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. एखाद्याने कर्ज बुडवले आणि सावकाराने दावा जिंकला, की कोर्ट बँकेला आदेश द्यायचे. आधी 'निसाय' म्हणजे तात्पुरता आदेश. तो हाती पडला की आम्ही त्यात लिहिलेली रक्कम बाजूला काढायचो आणि खातेदाराला लगेच पत्र टाकायचो. मग कोर्ट म्हणणे ऐकून घ्यायचे आणि त्यानंतरच आदेश कायम व्हायचा. आदेशात रक्कम लिहिलेली असेल तर उरलेले पैसे खातेदाराचेच राहायचे. त्याचे चेक आम्ही पास करायचो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध कोर्टात निकाल लागला आहे, त्यालाही कागद, कारण आणि सुनावणी मिळत होती. आज ज्याच्यावर साधा आरोपही नाही, त्याला यातले एकही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ने संशयित मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. बँक खाते ही 'मालमत्ता' होते का, हा वाद होता. तो महाराष्ट्र सरकारच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मिटवला. खाते ही मालमत्ता आहे आणि पोलीस ते गोठवू शकतात, असा निकाल झाला. १ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम तिथे १०६ झाले. पण त्याच कलमात एक अट आहे. जप्ती केली की पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवायचे. पुढच्या १०७व्या कलमात, गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करायची तर पोलिसांनी न्यायालयाकडे अर्ज करायचा आणि संबंधिताला १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस द्यायची, अशी पद्धत घालून दिली आहे. म्हणजे न्यायाधीशाची पायरी कायद्यात आहे. व्यवहारात ती ईमेलच्या वेगात मागे पडते.

न्यायालयांनी हे बोलूनही दाखवले आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतेच खाते अडवा, उरलेले चालू ठेवा. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एकाचे खाते १०५ रुपयांच्या व्यवहारासाठी बंद झाले होते. तो उच्च न्यायालयात गेला, तेव्हा १०५ रुपये बाजूला ठेवून खाते खुले करण्याचा आदेश झाला. गुजरात सरकारनेही २०२४मध्ये फक्त वादातली रक्कम अडवण्याचे धोरण जाहीर केले. चांगले झाले. पण परराज्यातून आलेल्या ईमेलला ते धोरण कसे लागू होणार? आणि १०५ रुपयांसाठी हायकोर्टात किती जण जाऊ शकतात?

इथे मला कॅनडाची आठवण येते. तिकडे आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आहेत, म्हणून ही गोष्ट परकी वाटणार नाही. शिवाय खाते गोठवण्याचा प्रश्न तिथे थेट राज्यघटनेपर्यंत गेला.

जानेवारी २०२२मध्ये सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांना लस सक्तीची झाली. त्याविरुद्ध ट्रकवाल्यांचा ताफा ओटावा या राजधानीत येऊन ठाण मांडून बसला. रात्रंदिवस भोंगे, रस्ते बंद, दुकाने बंद. अमेरिकेला जोडणारा विंडसरचा पूलही काही दिवस अडला. ब्रॅम्प्टनचा माझा भाचा तेव्हा फोनवर म्हणाला होता, "मामा, यांना चांगला धडा शिकवला पाहिजे." मलाही तसेच वाटले. त्या आंदोलनातले बरेच नेते कडव्या उजव्या विचारांचे होते. लशीबद्दल नको ते पसरवले जात होते, आणि इकडे आपण कोविडमध्ये माणसे गमावली होती.

१४ फेब्रुवारी २०२२ला पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी आणीबाणी कायदा लागू केला. १९८८ साली तो झाला, तेव्हापासून पहिल्यांदाच. त्याखाली निघालेल्या आर्थिक आदेशाने बँकांना सांगितले की आंदोलनात भाग घेणाऱ्यांची खाती गोठवा. न्यायालयाचा आदेश लागणार नाही. सद्भावनेने केले तर खातेदाराला बँकेवर दावाही करता येणार नाही. पोलिसांकडून नावे आली. सुमारे २८० खाती गोठली, त्यांत सुमारे ८० लाख डॉलर होते. २३ फेब्रुवारीला आणीबाणी मागे घेतली आणि खाती खुली झाली. नऊ दिवसांत सगळे संपले. भाचा खूश, मामा खूश.

कॅनडातल्या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी मात्र हे सोडले नाही. कॅनेडियन सिव्हिल लिबर्टीज असोसिएशन ही संघटना सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. त्या संघटनेला ट्रकवाल्यांचे प्रेम नव्हते. त्यांचा मुद्दा वेगळा होता. सरकारला न आवडणाऱ्या माणसाचे खाते न्यायाधीशाला न विचारता बंद करता येत असेल, तर उद्या त्या यादीत कोण असेल? संपकरी कामगार? जमिनीसाठी रस्ता अडवणारे आदिवासी?

दोन निष्कर्ष निघाले, आणि ते एकमेकांविरुद्ध होते. दोन्ही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. न्यायमूर्ती पॉल रूलो यांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२३मध्ये म्हटले की आणीबाणीची कायदेशीर पातळी गाठली गेली होती. पण एकदा गोठलेले खाते सोडवून घेण्याची सोयच आदेशात नव्हती, हे आयोगालाही खटकले. पुढे २३ जानेवारी २०२४ला फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती रिचर्ड मोस्ली यांनी निकाल दिला की आणीबाणी लावणे समर्थनीय नव्हते. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याचा आणि अवाजवी झडतीपासून संरक्षणाच्या हक्काचा त्यात भंग झाला. विंडसरचा पूल आणीबाणी लागण्याआधी, नेहमीच्या कायद्यानेच मोकळा झाला होता. ओटावातले भोंगे थांबवण्याचा मनाई हुकूमही साध्या दिवाणी न्यायालयाने दिला होता. न्यायमूर्तींनी आणखी एक गोष्ट लिहिली, ती बँकवाल्याला लगेच पटते. संयुक्त खाते गोठले की ज्या जोडीदाराचा आंदोलनाशी संबंध नाही, त्याचेही पैसे अडकतात.

तो निकाल वाचून मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तेव्हा मी चुकलो." मी म्हटले, "मी तुझ्यापेक्षा जास्त चुकलो. मी तर बँकेत होतो."

कॅनडाच्या संसदेतही हीच परीक्षा झाली. २०२२मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या डाव्या विचाराच्या पक्षाने सरकारच्या बाजूने मत दिले. ठराव १८५ विरुद्ध १५१ मतांनी मंजूर झाला. याच पक्षाने ५२ वर्षांपूर्वी वेगळे केले होते. ऑक्टोबर १९७०मध्ये क्वेबेकच्या फुटीरवाद्यांनी एक परदेशी अधिकारी आणि एक मंत्री पळवले. तेव्हाचे पंतप्रधान म्हणजे जस्टिन यांचे वडील पिएर ट्रुडो. त्यांनी युद्धकाळातला कायदा शांततेच्या काळात लावला. ४९७ माणसे पकडली गेली. त्यात कवी, गायक, कामगार नेते होते. बहुतेकांवर काही आरोपही ठेवला गेला नाही. मंत्र्याचा खून झालेला, देश संतापलेला, आणि अशा वेळी टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली त्या पक्षाच्या १६ खासदारांनी त्या कायद्याविरुद्ध मत दिले. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. पुढे १९८८ साली तो कायदा रद्द झाला आणि आणीबाणीवर अधिक बंधने घालणारा नवा कायदा आला. तोच २०२२मध्ये वापरला गेला.

सुरतकरांना असा अनुभव नवा नाही. डिसेंबर २००१मध्ये सगरामपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर परिसंवाद होता. देशभरातून लोक आले होते, महाराष्ट्रातूनही. ते बंदी घातलेल्या सिमी संघटनेसाठी जमले आहेत, असा आरोप ठेवून पोलिसांनी अटक केली. एकूण १२७ जणांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला चालला. निकाल लागला ६ मार्च २०२१ला. पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून सगळे निर्दोष सुटले. एकोणीस वर्षांत त्यांच्यातले पाच जण वारले होते. मी २००१मध्ये सकाळी पेपर वाचून काय म्हणालो होतो, ते मला आठवते. "बरे झाले, पकडले." पुरावा काय, असे मी विचारले नाही. आज डिंडोलीचा तरुण मला "मना काय गुन्हा शे" विचारतो, तेव्हा पुरावा विचारायची मला घाई होते, कारण तो आपला आहे. हा फरक प्रामाणिकपणे कबूल करायला हवा. नागरी हक्क आपल्या माणसासाठी मागणे सोपे असते. जो आपल्याला आवडत नाही, त्याच्यासाठी तो मागितला नाही, तर आपली वेळ येते तेव्हा आपल्यासाठीही तो उरत नाही.

२०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआयची सवय नसती, रोखीने धंदा चालत असता, तर या प्रश्नाची धार कमी असती. आता खाते बंद म्हणजे दूध बंद, रिक्षा बंद, औषध बंद. कॅनडाही त्याच दिशेने चालला आहे. पंतप्रधान मार्क कार्नी हे पूर्वी बँक ऑफ कॅनडाचे आणि बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते. त्यांच्या सरकारने ३ जून २०२५ला सीमा सुरक्षेच्या नावाने सी-२ हे विधेयक आणले. त्यात १०,००० डॉलर आणि त्याहून मोठे रोख व्यवहार बंद करण्याची तरतूद होती. सेवा कंपन्यांकडून ग्राहकाची काही माहिती वॉरंटशिवाय मागण्याचा अधिकारही पोलिसांना मिळणार होता. नागरी हक्क संघटनांनी एवढा आवाज उठवला की ऑक्टोबरमध्ये सरकारने सी-१२ हे दुसरे विधेयक आणले आणि वादग्रस्त झडतीचे भाग त्यातून बाहेर ठेवले. रोख कमी, खाते अनिवार्य, आणि खात्यावर पोलिसांचा हात मोकळा, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की नागरिकाकडे फारसे काही राहत नाही.

आपल्या राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नाही. पण कलम ३००अ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. २०१७मध्ये खासगीपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रमाणबद्धतेचे तत्त्व मान्य केले. म्हणजे सरकारचा उपाय कारणाच्या मापाचा हवा. ४,२०० रुपयांसाठी १ लाख ८६ हजार हे माप कोणत्याही हिशोबात बसत नाही. बीकॉमच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही ते सांगेल.

म्हणून मागणी साधी आहे. पहिला ब्रेक पोलिसांनी लावावा, पण वादातल्या रकमेपुरता. बँकेने त्याच दिवशी खातेदाराला कारण, तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी द्यावे. ठरलेल्या मुदतीत मॅजिस्ट्रेटचा आदेश आला नाही, तर होल्ड आपोआप निघावा. आणि खातेदाराला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता यावी, हजार किलोमीटर जावे लागू नये. यातल्या कोणत्याही गोष्टीने चोर सुटत नाही.

तोपर्यंत आपण काय करायचे? खाते अडकले तर शाखेकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. होल्ड कोणत्या कलमाखाली, किती रकमेचा, कोणत्या तक्रारीवर, हे विचारा. बिल, चलन, गिऱ्हाइकाशी झालेले मेसेज जपून ठेवा. तपास अधिकाऱ्याला ईमेलने सगळे कागद पाठवा आणि रक्कम मर्यादित करण्याची विनंती करा. नाही झाले तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे कलम ५०३खाली अर्ज करता येतो. घाबरून कोणा दलालाला पैसे देऊ नका. आणि एक कळकळीची सूचना, विशेषतः कारखान्यात काम करणाऱ्या तरुणांना. पाच-दहा हजारांसाठी आपले खाते, सिम कार्ड, एटीएम कोणालाही वापरायला देऊ नका. फसवणुकीचे पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतात, आणि त्या वेळी "मना काय गुन्हा" असे विचारता येत नाही. मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की रविवारी दोन तास अशा अर्जांसाठी मदत केंद्र सुरू करावे. बँकेतून निवृत्त झालेले आपण पाच-सहा जण आहोत. मी बसायला तयार आहे.

डिंडोलीच्या तरुणाचे काय झाले? अर्ज, ईमेल, पुन्हा अर्ज असे करत ४७ दिवसांनी होल्ड ४,२०० रुपयांपुरता झाला. तोवर मशिनीचे दोन हप्ते परत गेले, त्याचा दंड बसला, आणि एक कारागीर दुसरीकडे लागला. गणपतीत त्याने या वर्षी मूर्ती लहान आणली. मुलीची फी एका नातेवाइकाने भरली. ४,२०० रुपये अजून अडकलेलेच आहेत. त्याच्यावर गुन्हा काय, ते आजपर्यंत कोणी त्याला लेखी सांगितलेले नाही.